पदर घेण्यापुरता वेळ

माहितीपट संपला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. धाराशिवात माझ्या एका मित्राचा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांपासून चालत आलेला. शटर अर्धं खाली ओढून आम्ही दोघं त्याच्या कॉम्प्युटरवर ‘अराकिमेंटरी’ बघत बसलो होतो. ट्रॅव्हिस क्लोज या अमेरिकी दिग्दर्शकाचा हा २००४ सालचा माहितीपट नोबुयोशी अराकी या जपानी फोटोग्राफरवर आहे. नग्न स्त्रिया, दोरखंडांनी बांधून टांगलेल्या स्त्रिया, फुलं, टोकियोच्या गल्ल्या, मांजर, बायको, बायकोचं मरण, असं सगळं या माणसानं कॅमेऱ्यात घेतलं. त्याच्या पुस्तकांची संख्याच चारशे-पाचशेच्या घरात जाते. बघताना माझ्या डोक्यात कला आणि अश्लीलता हा आपला जुना वाद घोळत होता. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून दिवा लावत म्हणाला, “ह्या सगळ्या बायांचं निगेटिव्ह कुणाकडं राहिलं?”

माझ्या सगळ्या वाचनात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आणि आता वाटतं, विचारायचा होता तो हाच.

त्याच्या वडिलांच्या काळी उपवर मुलीचा फोटो काढायला आईबाप तिला स्टुडिओत घेऊन यायचे. मागं रंगवलेला पडदा, बाजूला प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी. फोटो काढून झाला की बाप हळूच काउंटरपाशी येऊन म्हणायचा, “निगेटिव्हसकट द्या.” मग रोलमधून तेवढीच फ्रेम कात्रीनं कापून, बटर पेपरात गुंडाळून पाकिटात घालून द्यायची. स्थळाकडे फोटो पाठवताना चिठ्ठीत लिहायचंच, की पसंत नसल्यास फोटो परत पाठवावा. आणि लोक पाठवायचेही. कायद्याचा एक शब्द माहीत नसताना ज्या समाजाला एवढं कळत होतं, त्याला फोटोवरचा हक्क म्हणजे काय हे कुणी बाहेरून शिकवायची गरज नव्हती. एक गोष्ट मात्र खरी, की तो हक्क बापाचा होता, घराण्याच्या अब्रूचा होता. मुलीला कुणी विचारलं नव्हतं, फोटो काढताना नाही आणि परत मागतानाही नाही.

अराकीचा जन्म १९४० सालचा, टोकियोतला. देन्त्सू या बड्या जाहिरात कंपनीत नोकरी करताना त्याला योको आओकी भेटली. १९७१ मध्ये लग्न झालं आणि मधुचंद्राचे फोटो त्यानं पदरमोड करून पुस्तकरूपात छापले. ‘सेंटिमेंटल जर्नी’, प्रती एक हजार. त्यातला एक फोटो जगभर ओळखला जातो. नावेत अंथरलेल्या चटईवर योको अंग मुडपून झोपली आहे, पोटातल्या बाळासारखी. नवी नवरी आहे की कायमची निजलेली, कळू नये असा तो फोटो. १९९० च्या जानेवारीत योको कर्करोगानं गेली. दवाखान्याच्या फेऱ्या, शवपेटीतला फुलांनी वेढलेला तिचा चेहरा, नंतर रिकाम्या घराच्या बर्फानं झाकलेल्या गॅलरीत चिरो नावाचं मांजर, हे सगळं त्यानं १९९१ मध्ये ‘विंटर जर्नी’ म्हणून छापलं. ती पानं बघून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. अराकी मोठा कलावंत नाही असं म्हणून टाकलं तर हा लेख लिहायला फार सोपा जाईल, पण ते खोटं होईल. तो मोठा आहे, आणि म्हणूनच प्रश्न अवघड आहे. शवपेटीतला तो फोटो छापायला योको ‘हो’ म्हणाली असती का? किशिन शिनोयामा या त्याच्या तोलाच्या फोटोग्राफरनंही त्यावर आक्षेप घेतला होता.

माहितीपटात हा प्रश्न फार टोचत नाही. अराकी त्यात गोल काळा चष्मा लावून हसतो, नाचतो, मॉडेलची थट्टा करतो, आणि तो हसला की समोरचीही हसते. ज्या ब्योर्कच्या ‘टेलिग्राम’ अल्बमच्या वेष्टनावर त्यानं काढलेला फोटो आहे ती गायिका, अभिनेता-दिग्दर्शक ताकेशी कितानो, फोटोग्राफर दाइदो मोरियामा, हे सगळे त्याच्याविषयी मायेनं बोलतात. बघणाऱ्याला वाटतं, इथं सगळ्यांच्याच खुशीनं सगळं चाललं आहे.

मग चौदा वर्षांनी, २०१८ च्या एप्रिलमध्ये, काओरी नावाची नर्तकी लिहिती झाली. २००१ ते २०१६ अशी जवळजवळ सोळा वर्षं ती अराकीची मॉडेल होती, जग तिला त्याची प्रेरणा म्हणून ओळखायचं. तिनं सांगितलं, की कधी करार झाला नाही. कोणता फोटो कुठं छापला जाणार हे तिला विचारलं गेलं नाही. तिच्या नावानं पुस्तकं निघाली, ती तिला आधी कळलीही नाहीत. परक्या लोकांसमोर कपडे उतरवायला लावलं गेलं. अनोळखी माणसं तिचा माग काढू लागली, तिची तब्येत ढासळली, आणि तिनं तक्रार केली तेव्हा ती ऐकली गेली नाही. माहितीपट बनत होता तेव्हा ती त्या कॅमेऱ्यासमोर उभी राहू लागलेली होती.

जपानी पोलिसांनी अराकीला मोकळं सोडलं होतं असंही नाही. १९९२ मध्ये एका प्रदर्शनातल्या फोटोंवरून अश्लीलतेखाली त्याला ३ लाख येन दंड झाला. पण तेव्हा कायद्याला पडलेला प्रश्न होता, की चित्रात काय दिसतं आणि ते बघून लोकांच्या मनाचं काय होतं. चित्रातल्या बाईचं काय झालं, हे त्यात कुठंच नव्हतं. जे दिसलं त्याला दंड झाला, आणि जे झालं ते कोर्टाच्या पायरीपर्यंतही गेलं नाही.

आपल्याकडचा इतिहास काढून बघा. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, मुखपृष्ठावर नग्न चित्रं छापली, लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली. त्यांच्यावर खटले झाले आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. मर्ढेकरांच्या कवितांवर खटला झाला, ते सुटले. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ला सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये सोडलं. १९९५ मध्ये बुटाच्या जाहिरातीत मिलिंद सोमण आणि मधु सप्रे अंगाभोवती अजगर घेऊन नग्न उभे राहिले, आणि तो खटला २००९ पर्यंत रखडला. अगदी अलीकडे, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, कस्टम्सनं अडकवलेली चित्रकार सूझा आणि अकबर पदमसी यांची नग्नचित्रं सोडून देण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयानं दिला. कर्वे हरले ते मला आजही सलतं; जे सुटले त्यांच्या निकालांच्या बाजूनं मी आहे. पण या सगळ्या लढाईत दोन्ही बाजूंचे वकील एकाच माणसाबद्दल भांडत होते, बघणाऱ्याबद्दल. त्याचं मन बिघडतं की नाही, समाजाची पातळी काय, रसिकता काय. अजगरवाल्या जाहिरातीतले दोघं सज्ञान होते, व्यवसायानं मॉडेल होते, आपल्या मर्जीनं उभे राहिले होते. ज्या फोटोत कुणावर अन्याय झालेला नव्हता, तो चौदा वर्षं कोर्टात होता.

नग्नतेची आपल्याला इतकी भीती वाटावी याचंही मला नवल वाटतं, कारण मी ज्या जिल्ह्यात राहतो त्याची सगळ्यांत जुनी ओळख एक उघडीच बाई आहे. तेरला, गोरोबाकाकांच्या गावात, लामतुरे वस्तुसंग्रहालय आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतांतून, नदीकाठाहून आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंतून ते उभं राहिलं. तेर म्हणजे जुन्या रोमन व्यापाऱ्यांना माहीत असलेलं तगर. तिथं सातवाहन काळातली हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. अंगावर दागिने भरपूर, वस्त्र जवळजवळ नाही. अशाच घडणीची बाहुली १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडली, इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेलेली. ती नेपल्सच्या संग्रहालयात ‘गुप्त दालना’त गेली, जिथं कामुक मानलेल्या वस्तू लोकांच्या नजरेआड ठेवत असत. आणि तिची तेरची बहीण? शाळेची सहल येते, मुलं-मुली रांगेनं तिच्यासमोरून जातात, मास्तर “पुढं चला” म्हणतात, झालं. तेर-भोकरदनकडे सापडलेल्या, शिर नसलेल्या, पाय फाकवून बसलेल्या लज्जागौरीवर रा. चिं. ढेरे यांनी १९७८ मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला आणि तिला मातृदेवता म्हणून समजावून दिलं. देह उघडा असणं या मातीला कधी पाप वाटलेलं नाही.

मग लाज कशात आहे? ती मला माझ्या मावशीनं सांगितली.

मावशी आईची चुलत बहीण. तिचं गाव सास्तूरच्या बाजूचं, तेव्हाच्या उमरगा आणि आताच्या लोहारा तालुक्यातलं. २९ सप्टेंबर १९९३ ला गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. ३० च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारीचं नाव जगाला कळलं, पण आमच्या बाजूची सास्तूर, पेठसांगवी, होळी ही गावंही त्याच पहाटे जमिनीला मिळाली. घरं माळवदाची होती. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि दोन-दोन, तीन-तीन फूट मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच माती झोपेतल्या माणसांवर आली. मेलेल्यांचा सरकारी आकडाच आठ हजारांच्या घरात आहे. मावशीची सासू आणि धाकटा मुलगा त्यात गेले. दिरानं तिला हाताला धरून बाहेर ओढली तेव्हा लुगड्याचा पदर तुळईखाली अडकून फाटला, तो तिथंच राहिला. उजाडलं. ती ढिगाऱ्यावर बसली होती, केस मोकळे, केसांत माती, तोंड उघडं. कुणीतरी तिचा फोटो काढला.

चार-पाच दिवसांनी पत्र्याच्या शेडमध्ये कुणी तरी पेपर घेऊन आलं. त्यात ती होती.

तो फोटो चांगला आहे. मी आज हे धाडसानं लिहितो, कारण मी तो अनेक वेळा बघितला आहे. त्यातली बाई माझी मावशी नसती तर मी त्याला महान म्हणालो असतो. दर ३० सप्टेंबरला तो कुठं ना कुठं छापून येतो, हल्ली मोबाइलवर फिरतो. खाली लिहिलेलं असतं ‘भूकंपग्रस्त महिला’. कोणत्याही न्यायाधीशाला त्यात आक्षेपार्ह काही सापडणार नाही.

दोन वर्षांपूर्वी मी तिला धीर करून विचारलं, तुला त्या फोटोचं काय वाटतं. मला वाटलं होतं, ती मुलाविषयी बोलेल. ती म्हणाली, “डोईवर पदर नव्हता रे माझ्या. उघडी-बोडकी बसलेले मी. सगळ्या मुलखानं बघितलं.”

मी म्हणालो, “म्हणजे काढायलाच नको होता?”

“काढावा की. काढल्याबिगर लोकाला कसं कळंल? पन जरा थांबावं. शेजारीन होती बाजूला, तिचा टावेल घेतला असता डोक्यावर. मग काढ म्हनलं असतं त्याला.”

तीस वर्षं ती हे मनात धरून होती. तिच्या घरी तो फोटो नाही. कुणी दाखवायला आणला तर ती चुलीकडं निघून जाते.

अराकीच्या चित्रांपुढे मला जे सापडत नव्हतं, ते मला तिच्या त्या दोन वाक्यांत सापडलं. नागवेपण किती कपडा निघाला यावर ठरत नाही. ते ज्याचं अंग आहे त्याच्या मर्जीवर ठरतं. ठरलेल्या तासांना, ठरलेल्या पैशांना, दार लावलेल्या वर्गात स्वतःहून वस्त्र उतरवून बसलेली मॉडेल नागवी नसते. मदतीच्या रांगेत अंगभर कपड्यात उभी असलेली बाई नागवी असू शकते. आपला कायदा, आपले संपादक, आपले कलासमीक्षक यांनी कपडा मोजला, मर्जी मोजली नाही.

इथं वर्तमानपत्रात काम करणारे माझे मित्र मला लगेच अडवतील, आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. ते म्हणतील, विचारत बसलं तर क्षण जातो. किल्लारीचे फोटो जगभर गेले म्हणून तंबू आले, डॉक्टर आले, पैसा आला, गावं नव्यानं वसली. ढिगाऱ्यावर रडणाऱ्या बाईला “काढू का?” म्हणून विचारणं हाच क्रूरपणा. हे सगळं मी मानतो. काढताना घाई असते, हेही मान्य. पण छापताना तेवढी घाई नसते. आणि दुसऱ्या वर्षी? दहाव्या वर्षी? तिसाव्या वर्षी? पहिल्या दिवशी न विचारण्याला कारण होतं. पुढच्या तीस वर्षांत कुणी एकदाही गावात येऊन ‘ही बाई कोण’ असं का विचारलं नाही, याला एकही कारण नाही. गाव तेच आहे. बाई तिथंच आहे. एसटी जाते.

अमेरिकेत हेच घडून गेलं आहे. १९३६ मध्ये डोरोथिया लँगनं कॅलिफोर्नियात वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. ‘मायग्रंट मदर’ म्हणून तो त्या देशाच्या दारिद्र्याचा चेहरा झाला, तिकिटांवर, पुस्तकांवर, भिंतींवर गेला. लँगनं तिचं नाव विचारलं नव्हतं. ते फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन होतं, हे लोकांना कळायला १९७८ साल उजाडलं. तो फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, त्यातून मला एक पैसाही मिळाला नाही, असं त्या म्हाताऱ्या बाईचं म्हणणं होतं. त्या फोटोमुळे त्या तळावर धान्य पोचलं, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतात, आणि त्या दोन्ही मनात धरून काम करणं हाच फोटोग्राफरचा धर्म आहे. मुंबईच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षं वावरून त्यांचं जगणं टिपणाऱ्या सुधारक ओलवे यांचं काम मला म्हणून मोलाचं वाटतं. ज्याचा फोटो आहे त्याच्या दाराशी पुन्हा पुन्हा जाता येतं, आणि तसं गेल्यानं फोटो कमजोर होत नाही, हे त्यांनी करून दाखवलं आहे.

ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला विचारायची गरज नाही, हेही इथंच सांगून टाकतो. लाच घेणाऱ्या हाताचा, लाठी उगारणाऱ्या हाताचा फोटो परवानगीनं काढायचा नसतो. माझं म्हणणं त्या माणसाबद्दल आहे जो उठून जाऊ शकत नाही.

आणि असा माणूस आमच्या जिल्ह्यात कॅमेऱ्यासमोर फार वेळा आला. भूकंपानंतर दुष्काळाची वर्षं आली आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या आल्या. मित्राच्या स्टुडिओत मी हे डोळ्यांनी बघितलं आहे. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा बापाचं बँक पासबुक घेऊन आला. घरात बापाचा तेवढाच फोटो होता, कर्ज काढताना चिकटवलेला, त्यावर अर्धा शिक्का उमटलेला. मित्रानं तो स्कॅन केला. माउसनं हळूहळू शिक्क्याची जांभळी शाई गालावरून पुसली, कपाळ नीट केलं, कानाची कडा दुरुस्त केली. मग गळ्याखाली निळा कोट आणि टाय बसवला, आयुष्यात कधी अंगात न घातलेला. मागं निळं आभाळ. “चालंल का?” त्यानं विचारलं. पोरगं बराच वेळ बघत राहिलं आणि म्हणालं, “कोट नको. शर्टच राहू द्या.” मित्रानं कोट काढला. अर्धा तास त्या पोराच्या सांगण्याप्रमाणं तो फोटो करत होता, आणि पैसे घेतले नाहीत.

पुढच्या आठवड्यात त्या घरी बातमीवाले गेले. पोराच्या आईला तीच फ्रेम मांडीवर घेऊन दारात बसायला सांगितलं, पोरांना दोन्ही बाजूंना. तुम्ही असे फोटो शेकड्यानं बघितले असतील, सगळे सारखेच असतात. कारण ते त्या घरानं ठरवलेले नसतात. एक फोटो पोराच्या मर्जीनं झाला, दुसरा त्याच्या आईला हातपाय हलवता येत नसताना. फोटो काढू दिला नाही तर मदत मिळणार नाही, ही भीती कुणी बोलून दाखवत नाही, पण दारात ती बसलेलीच असते. पुराच्या, दुष्काळाच्या वेळी धान्याची पिशवी देणारे हात कॅमेऱ्याकडं बघतात, आणि घेणाऱ्यालाही “इकडं बघा” म्हणतात. त्याला विचारलं तर तो ‘हो’ म्हणेलच. ‘नाही’ म्हणून सांगतो कुणाला? काओरीही सोळा वर्षं ‘हो’च म्हणत होती, असं अराकीचे चाहते म्हणू शकतील. ‘नाही’ म्हणून पिशवी तशीच घरी नेता येत असेल, काम तसंच टिकत असेल, तरच त्या ‘हो’ला किंमत आहे.

हे बोलणं आपल्या भाषेला परकं आहे असं कुणी म्हणू नये. गावात कुणाकडून फुकट राबवून घ्यायचं असलं की ‘घरचंच काम आहे’ म्हणतात. घरचं म्हटलं की मजुरी विचारायची नाही, वेळ विचारायची नाही. अराकीच्या कलेतलं प्रेम, नातं, मॉडेलशी एकरूप होणं, हे सगळं ऐकताना मला ते वाक्य आठवत होतं. करारानं कला मरते असं ज्यांना वाटतं त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वर्गाचा विचार करावा. तिथं पिढ्यान्‌पिढ्या बायका मॉडेल म्हणून बसत आल्या, त्यांच्यावरून हात बसवत आपले चित्रकार घडले. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ चित्रपटातली यमुना मुलाच्या शिक्षणासाठी तेच काम करते आणि ते त्याच्यापासूनच लपवते. २०१७ मध्ये गोव्याच्या महोत्सवातून हा चित्रपट ऐनवेळी वगळला गेला, आणि पुन्हा सगळी चर्चा पडद्यावर किती दिसतं यावर गेली. यमुनेसारखीला दिवसाचे किती मिळतात, म्हातारपणी तिचं काय होतं, यावर त्या गदारोळात फारच थोड्यांनी लिहिलं.

कायदा मात्र, थोडा का होईना, पुढं सरकला आहे. २०१३ मध्ये दंडसंहितेत ३५४-क हे नवं कलम आलं; आता ते भारतीय न्याय संहितेत ७७ व्या कलमात आहे. बाईला खासगी अवस्थेत चोरून बघणं किंवा टिपणं हा त्यात गुन्हा आहेच. पण त्याच्या स्पष्टीकरणातलं एक वाक्य मला कर्व्यांपासूनच्या सगळ्या निकालांपेक्षा मोठं वाटतं. चित्र काढायला तिची संमती होती, पण ते तिसऱ्याला दाखवायला नव्हती, तर दाखवणं हाही गुन्हा आहे, असं ते सांगतं. काढू देणं वेगळं आणि छापू देणं वेगळं. माझ्या मित्रानं विचारलेला निगेटिव्हचा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात असा आला, आणि या वेळी तो बापाच्या नव्हे, बाईच्या नावानं आला.

तरी तो कागदावरच जास्त आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या एका लोकप्रिय नृत्यांगनेचं कपडे बदलतानाचं चित्रीकरण कुणी तरी चोरून केलं आणि ते हजारो फोनांवर गेलं. गुन्हा करणारा एक, पुढं पाठवणारे हजारो. त्यांत धाराशिवची माणसंही असतील. आमच्याकडे चोराखळीच्या बाजूला कलाकेंद्रं आहेत. तिथली बाई अंगभर नऊवारी नेसून नाचते, समोरचे तिच्यावर मोबाइल रोखून बसलेले असतात, आणि तिला माहीत नसतं की आजचा नाच उद्या कुणाच्या गावात, कोणत्या ओळीखाली दिसणार आहे. ती नाचायचे पैसे घेते. टिपायचे तिला कुणी दिले नाहीत.

अराकीची पुस्तकं जाळा असं मी म्हणणार नाही. नावेतली योको माझ्या डोळ्यांसमोरून जाणार नाही, जाऊही नये. पण इथून पुढं ते पुस्तक उघडणाऱ्यानं काओरीचं लिहिणंही वाचलेलं असावं, आणि ‘अराकिमेंटरी’ दाखवणाऱ्यानं तो संपल्यावर ते वाचून दाखवावं. कोणत्याही फिल्म क्लबला एवढं जमेल. आम्ही त्या रात्री तेच केलं. मित्रानं शटर लावायच्या आधी मी त्याला तिचं म्हणणं मराठीत सांगितलं, आणि तो म्हणाला, “म्हंजे बटर पेपरात घालून द्यायला पाहिजे होतं तिला तिचं.”

माझी विनंती लहान आहे, आणि ती ठरावीक लोकांना आहे. १९९३ च्या त्या ऑक्टोबरात जे फोटोग्राफर आमच्या भागात आले होते, त्यांतले बरेच आज साठीच्या पुढं असतील. कुणाच्या कपाटात निगेटिव्ह असतील, कुणाच्या वर्तमानपत्राच्या संग्रहात प्रिंट असतील. सास्तूर, पेठसांगवी, होळी ही गावं जुन्या जागेपासून थोडी सरकून आजही तिथंच आहेत. एकदा ते फोटो घेऊन या. पारावर बसा, माणसं ओळखून देतील. ज्यांची नावं कळतील ती खाली लिहा, ज्यांना नको असेल त्यांचं ते परत करा. माझ्या मावशीचा फोटो तुमच्याकडे असेल तर तिच्या दारी गेल्यावर आधी हाक मारा, मग आत जा. ती उठून पदर घेईल. तेवढा वेळ थांबा.